आधी क्रियापदं तपासा

साशा होस्टिन यांच्यावरच्या चरित्रलेखाचा तुमचा मसुदा वाचला. मेहनत दिसते, पण आधी क्रियापदांकडे बघा. मराठीत लिंग लपत नाही. साशा होस्टिन, म्हणजे ‘स्कार्लेट’, या ‘स्टारक्राफ्ट २’ या संगणक-खेळाच्या कॅनडाच्या खेळाडू. तुम्ही सुरुवातीला ‘ती खेळते’ लिहिलंत आणि बालपणाच्या परिच्छेदात ‘तो खेळायचा’. तसं करू नका. त्या पारलिंगी स्त्री आहेत, म्हणजे जन्मावेळी मुलगा मानलं गेलं तरी त्या स्त्रीच, तर बालपणातही स्त्रीलिंगीच रूप. मी तर सरळ ‘त्या’ लिहिते. चरित्रलेखाला आदरार्थी शोभतं.

त्यांचं जुनं, जन्मावेळचं नाव घालू नका. त्या नावाने व्यक्ती प्रसिद्ध नव्हती, तर स्रोतात सापडलं तरी ते लेखात येत नाही. जिवंत माणसाबद्दल लिहितोय आपण, मनस्ताप त्यांना होतो.

लेखाची सुरुवात खेळाने करा. २०१८ साली दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगच्या आयईएम (इंटेल एक्स्ट्रीम मास्टर्स) या संगणक-खेळांच्या स्पर्धेत त्यांनी अंतिम फेरीत कोरियाच्या किम यू-जिनला ४-१ हरवलं, ही खरी बातमी! पारलिंगी असल्याचा उल्लेख विश्वसनीय स्रोतासह एका वाक्यात पुरे. ‘मुलाची मुलगी झाली’ हे वाक्य मात्र आजच खोडा.

सुधारलंत की कळवा, पुन्हा वाचते.