अमेरिकेतल्या कडक स्थलांतर कायद्यांची जुन्या वर्णभेदाशी तुलना करणं अतिशयोक्ती आहे का?

सरसकट केली तर आहे. पण अलाबामा राज्याचा २०११चा एचबी ५६ कायदा बघा, तिथे ती पटते.

या कायद्याने पोलिसांना, अडवलेल्या माणसाबद्दल तो बेकायदा राहत असल्याचा 'वाजवी संशय' आला की देशात राहण्याचे कागद तपासायला सांगितलं. आता संशय येणार कशावरून? कातडीचा रंग आणि बोलण्याचा हेल, दुसरं काय! शाळेत नाव घालताना मुलांच्या नागरिकत्वाची चौकशी सुरू झाली आणि कितीतरी लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, पालकांनी धसक्याने मुलांना घरीच बसवलं. शाळेच्या दारातच मुलांना अडवण्याची अलाबामाला जुनी खोड. १९६३ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना रोखायला गव्हर्नर जॉर्ज वॉलेस स्वतः विद्यापीठाच्या दारात उभे राहिले होते.

गंमत म्हणजे २०११च्याच नोव्हेंबरमध्ये अलाबामातल्या टस्कलूसा शहरात मर्सिडीजचा एक जर्मन अधिकारीच या कायद्यात सापडला. भाड्याच्या गाडीला नंबरप्लेट नव्हती आणि खिशात फक्त जर्मन ओळखपत्र. साहेबांची रवानगी थेट कोठडीत! हॉटेलातून पासपोर्ट आणून दाखवल्यावर सुटका झाली. शेतात टोमॅटो तोडणाऱ्याला असं कोण सोडवणार?

फरक मात्र मोठा आहे. जिम क्रो, म्हणजे जुन्या वर्णभेदाच्या, कायद्यांनी त्याच देशाच्या नागरिकांना वंशावरून वेगळं काढलं होतं. एचबी ५६ मध्ये वंशाचं नाव नव्हतं, आणि परक्यांना प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाला असतोच. पण १९८२च्या प्लायलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कागद नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळा नाकारता येणार नाही असं बजावलं होतं. अलाबामाचं शाळेचं कलम कोर्टात अडकलं, आणि २०१३च्या तडजोडीत कायद्यातली बरीच जाचक कलमं राज्याने गुंडाळली.