लाटांत ताकद सोडणारे इंजिन

प्रश्न : मुंबईच्या बंदरात असलेल्या आमच्या मोटरयॉटचे डिझेल इंजिन लाटा वाढल्या की एकाएकी ताकद सोडते, काळा धूर नसतो आणि मंद चालवल्यावर ते सावरते. दोष कुठे शोधावा?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : इंजिनाला डिझेल पुरत नसावे, कारण हवा कमी पडली किंवा बोटीला ढकलणाऱ्या पंख्यात दोर अडकला, तर बहुधा काळा धूर निघतो. लाटांनी टाकीतला गाळ ढवळून फिल्टरमध्ये जातो. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरच्या तळातून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढून स्थिरावू द्यावे. तळाशी पाणी आणि त्यावर काळपट, बुळबुळीत थर दिसला, तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकीच धुवावी लागेल. टाकीची हवानळी तुंबलेली नाही ना, तेही पाहावे. इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा इंजेक्शन पंप उघडण्याचा खर्चिक सल्ला कोणी दिला, तर तो मात्र तूर्त बाजूलाच ठेवावा.