माळवदाच्या तुळया आणि २४ इंची मशीन

प्रश्न: मिस्त्री, नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, जुळे सोलापुरात राहतो. साखर पेठेतलं आमचं माळवदाचं जुनं घर यंदा उतरवलं. त्यातल्या सागाच्या ११ तुळया विकल्या नाहीत, घरी आणल्या. प्रत्येक तुळई ८ बाय १० इंच, लांबी ९ फूट. त्यातून नातवंडांना खुर्च्या, एक जेवणाचं टेबल आणि एक झोपाळा करायचा आहे. वखारवाले खिळ्यांच्या भीतीने जुन्या तुळयांना हात लावत नाहीत, म्हणून स्वतःचाच मोठा बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर पट्टीचं ब्लेड फिरवून लाकूड चिरणारं मशीन, घ्यावा म्हणतो. अंगणात १२ बाय १६ फुटांची पत्र्याची शेड आहे, वीज घरगुती सिंगल फेज. एका बंद पडलेल्या कारखान्यातलं २४ इंची बिडाचं मशीन स्वस्तात मिळतंय. मुलगा म्हणतो, नवं १४ इंची घ्या. कुठलं घेऊ?

उत्तर: गुरुजी, मशीन बघायला जाण्याआधी एक काम करा. शेडच्या मधोमध एक स्टूल ठेवा, तेच मशीन समजा, आणि चार माणसं लावून एक तुळई त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून बघा. ९ फुटांची तुळई ब्लेडमधून पुरती पार व्हायची तर ब्लेडच्या अलीकडे ९ आणि पलीकडे ९ फूट मोकळे लागतात. तुमची शेड १६ची. म्हणजे तुळईचं शेपूट दारात आणि तोंड भिंतीला. शिवाय सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो धरलं, तर तुमची एकेक तुळई ९० किलोच्या घरात जाते. ती टेबलावर रेघेत ढकलायची म्हणजे पैलवानाचंही काम नव्हे. दोन्ही बाजूंना रोलरचे स्टँड नसले तर सगळा भार टेबलावर येतो आणि टेबल खाली झुकतं.

तेव्हा आधी तुळया आखूड करा. खुर्चीचा मागचा पाय ३ फुटांच्या वर जात नाही, टेबलाचा पाय अडीच फुटांत बसतो. झोपाळ्याच्या फळीपुरत्या दोन तुळया बाजूला ठेवा, बाकीच्यांचे साडेतीन फुटांचे तुकडे पाडा. एवढं केलंत की ९० किलोचं ३५ वर येतं आणि निम्मा प्रश्न सुटतो.

आता २४ इंची म्हणजे काय ते सांगतो, कारण दुकानात हे कुणी नीट सांगत नाही. तो आकडा चाकाच्या व्यासाचा. ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंत लाकूड किती आत जाईल हे त्यावरून कळतं; २४ इंचीत ते २४ पेक्षा जरा कमीच. पण लाकूड उभं किती चिरता येईल, म्हणजे टेबल आणि वर पुरता उचललेला गाइड (ब्लेडला सरळ धरणारा भाग) यांच्यात किती अंतर आहे, ते त्या आकड्यात नसतं. तुम्हाला नेमकं तेच हवंय. तुळई कमी बाजूने उभी धरली तरी ८ इंच, म्हणजे किमान १० इंचांची उंची असलेलं मशीन पाहिजे. मुलाने सुचवलेल्या १४ इंचीत बिडाचा जुन्या पद्धतीचा सांगाडा असेल तर उंची बहुधा ६ इंच मिळते; मध्ये वाढीव ठोकळा बसवला की १२ होते. दुकानात टेप घेऊन जा. कॅटलॉग नको, टेप.

२४ इंचीबद्दल माझ्या तोंडून चांगलं ऐकायला मिळणार नाही, त्याला कारण आहे. मी ३० वर्षं यंत्रमागांचं लाकूडकाम केलं, हात्या आणि पिकिंगच्या काठ्या दुरुस्त करण्यात हयात गेली. काम सुटल्यावर मलाही तुमच्यासारखीच हौस आली. एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून २४ इंची मशीन घेतलं. नवा हिरवा रंग, चाकं हाताने फिरवली तर मुकाट फिरत होती. घरी आणलं तर बोळात टेम्पो शिरेना. सात जणांनी पाइपांवरून ढकलत आणलं, आणि त्या सात जणांचा चहा-नाश्ता मशीनपेक्षा महाग पडला असं आमच्या घरात अजून म्हणतात. चालू केलं तर टेबलावर ठेवलेली पेन्सिल आपली आपण चालत कडेला आली. चाक उतरवलं, आऱ्यांवरचा रंग चाकूने खरवडला, खाली पुट्टी, पुट्टीखाली वेल्डिंग. बिडाची आरी तुटलेली होती आणि कुणीतरी जोडून, लिंपून, रंगवून विकली. विकणाऱ्याचं म्हणणं, मी घेतली तेव्हापासून अशीच होती. पुढे ते भंगारात गेलं. टेबल तेवढं ठेवलंय. उन्हाळ्यात त्यावर साडी पसरून कुरडया वाळतात, त्या कामाला मात्र झकास आहे.

तरीही ते मशीन बघायला जाणारच असाल तर खिशात चाकू, बॅटरी आणि १० रुपयांचं नाणं ठेवा. चाकांवरची दोन्ही दारं उघडा. आऱ्या आणि टेबलाखालचे कमानीसारखे आधार बॅटरीच्या उजेडात बघा. रंग कुठे जाडसर वाटला तर चाकू लावा, मालक रागावला तर रागावू दे. चाकावरचं रबर नखाने दाबा. कडक झालेलं, तडकलेलं असेल तर ते नवं चढवावं लागेल, आणि चढवल्यावर त्याला मधोमध किंचित फुगवटा द्यावा लागेल, कारण ब्लेड त्या फुगवट्यावर टिकतं. वरच्या चाकाची कड धरून पुढे-मागे हलवा. खडखडलं तर बेअरिंग गेलेलं. मग मशीन चालू करायला सांगा आणि टेबलावर नाणं कडेवर उभं करा. उभं राहिलं तर पुढचं बोला.

विजेचं गणितही त्या मशीनच्या बाजूने नाही. कारखान्यातल्या अशा मशीनला बहुतेकदा ५ अश्वशक्तीची थ्री फेज मोटार असते. सिंगल फेजवर व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजपासून थ्री फेज करून देणारा इलेक्ट्रॉनिक डबा, लावून चालवू, असं कुणीतरी सांगेल. सिंगल फेजवर चालणारा साधा व्हीएफडी मोटारीला २३० व्होल्टच देतो. मोटारीच्या आतल्या वायरी जोडायच्या दोन पद्धती, स्टार आणि डेल्टा. लहान मोटारी बऱ्याचदा स्टारमध्ये जोडलेल्या असतात, त्या डेल्टात बदलून २३० वर चालतात. ५ अश्वशक्तीची मात्र बहुधा मुळातच ४१५ व्होल्टला डेल्टात असते, ती २३० वर दम टाकते. मोटारीवरची पाटी वाचा, वायरमनच्या शब्दावर जाऊ नका.

माझं मत विचाराल तर १८ इंची घ्या. १० ते १२ इंच उंची देणारं, पोलादी पत्र्याचा पेटीसारखा जाड खांब असलेलं, २ किंवा ३ अश्वशक्तीचं. २ अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार पूर्ण भारावर १० अँपिअरच्या आसपास घेते, ३ची १५-१६. सुरू होताना क्षणभर याच्या कित्येक पट. म्हणून भिंतीतल्या प्लगवर नको, बोर्डापासून स्वतंत्र जाड वायर आणि सुरू होतानाचा झटका सोसणारी सी-प्रकारची एमसीबी. उन्हाळ्यात संध्याकाळी कूलर सुरू झाले की आपल्याकडे व्होल्टेज बसतं, आणि कमी व्होल्टेजला मोटार जास्त करंट ओढून तापते. मोठं चिरकाम सकाळी करा, तेव्हा पत्र्याखाली तुम्हीही तापत नाही.

वेग बघायचा असेल तर तोंडी हिशेब होतो. १४४० फेऱ्यांची मोटार, पुली ४ आणि ८ इंचांची, म्हणजे चाक ७२० फेरे. १८ इंची चाकाचा घेर ४.७ फूट. ब्लेड मिनिटाला ३४०० फूट पळेल. सागाला उत्तम.

आणि गुरुजी, मशीनमध्ये सगळे पैसे घालू नका. चिरतं ते ब्लेड. ८ इंच जाड सागाला पाऊण इंच रुंद, इंचाला ३ दात असलेलं ब्लेड लावा. लोक म्हणतात, बारीक दात, साफ काप. एक-दीड इंचाच्या फळीला खरं आहे ते. पण ८ इंचांत इंचाला १० दात म्हणजे एका वेळी ८० दात लाकडात. त्यांच्यामधल्या खोबणी इवल्याशा, भुसा मावत नाही, ब्लेड तापतं आणि लाकडाच्या पोटात वाकडं चालायला लागतं. वरून रेघ सरळ दिसते, फळी बाहेर काढली की मधे पोट आलेलं. ३ दातांचा काप खरबरीत येतो, मग त्यासाठी रंधा आहेच की.

आता खिळे. वखारवाले घाबरतात ते उगीच नाही. एक खिळा आणि सगळ्या ब्लेडची धार गेली. माळवदाच्या तुळईवर दोन शत्रू असतात. वरच्या अंगाला पांढऱ्या मातीची पूड लाकडाच्या रेषांत शिरलेली असते, ती दातांना कानशीसारखी घासते. तारेच्या ब्रशने घासा, मग वरचा पाव इंच जुन्या रंध्याने काढून टाका. खिळा शोधायला जुन्या स्पीकरचा चुंबक दोऱ्याला बांधून तुळईवरून हळूहळू फिरवा. खिळा वर असला की दोरा तिरका होतो. डोकं तुटून आत राहिलेल्या खिळ्याभोवती लाकडात निळसर काळा डाग असतो, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून तो पडतो. डाग दिसला की पटाशीने उकरा. खोलवरच्या खिळ्याला चुंबक पुरत नाही, त्यासाठी हातात धरायचा मेटल डिटेक्टर घ्या. एक ब्लेड वाचलं की त्याची किंमत वसूल.

झोपाळ्याच्या दोन तुळया मात्र वखारीतच न्या. खिळे काढून, घासून, चकचकीत करून न्या आणि आधीच सांगा, ब्लेडला काही झालं तर ब्लेड माझं. या एका वाक्यावर नाही म्हणणारा वखारवाला मला भेटलेला नाही.

चालवताना गाइड लाकडाच्या पाव इंच वर, ब्लेडच्या रेषेत बोट नाही, गळ्यात पंचा नाही. सागाचा भुसा छातीत बसतो, म्हणून भुसा ओढणारी पिशवी आणि नाकाला चांगला मास्क. आणि एक सांगून ठेवतो. मशीन आलं की आठ दिवसांत गल्लीतले लोक पडलेल्या कडुनिंबाचा, बाभळीचा ओंडका घेऊन दारात उभे राहतील, “गुरुजी, एवढं चिरून द्या की.” नाही म्हणा. गोल ओंडका टेबलावर गरकन फिरतो आणि हात ओढून नेतो. शिवाय लोकांचे ओंडके चिरून द्यायला लागलात की सॉ मिलच्या परवान्याचा विषय निघतो, आणि तो वन विभागाकडे जातो.

प्रश्न: मिस्त्रीकाका, अशोक चौकाजवळ आमचा बचत गट पोळपाट बनवतो. १४ इंची बँडसॉ आहे. ब्लेड महिन्यात दोनदा तुटतं, तेही जोडावर नाही, भलतीकडेच. दुकानदाराने आणखी जाड, ०.९ मिलिमीटरचं दिलं, तर ते आठवड्यात तुटलं. मशीनच खराब आहे का?

उत्तर: ताई, मशीनचा दोष नाही, जाडीचाच आहे. ब्लेड चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून फार जाड नको. १४ इंच म्हणजे ३५५ मिलिमीटर, म्हणजे ब्लेड ०.३५च्या आसपास, फार तर अर्धा मिलिमीटर. तुमच्या मशीनवर ब्लेड मिनिटाला ७०० वेळा तरी वाकून सरळ होत असेल. पातळ पट्टी ते सोसते, जाड पट्टीला दातांच्या खोबणीत बारीक तडा जातो, मग तुकडा. जाड ब्लेड मोठ्या चाकाचं असतं.

१० इंची पोळपाटाला अर्धा इंच रुंद, इंचाला ४ ते ६ दातांचं पातळ ब्लेड लावा; ते अडीच इंच त्रिज्येपर्यंत वळतं, तुम्हाला पाचच हवी. आणि संध्याकाळी मशीन बंद केल्यावर ताणाचा स्क्रू चार फेरे सैल करायचं काम एकीवर सोपवा. सकाळी ताणायचं काम मात्र तिचंच असू द्या, नाहीतर एक म्हणेल मी सोडला, दुसरी म्हणेल मी ताणला, आणि सैल ब्लेड चाकावरून उतरून दारावर आपटेल. आमच्या शॉपमध्ये एकदा झालंय ते. अख्ख्या शॉपला वाटलं मोटार फुटली.