मासे पकडायच्या स्पिनिंग रॉडवर घरी बांधलेली फ्लाय (हुकवर केस-पिसं बांधलेलं हलकं आमिष) चालते का? रॉड 7-21 ग्रॅमचं आमिष फेकायचा आहे, खाडीत जिताडा-तांबोशीसाठी.

नुसती फ्लाय नाही चालणार, पण तेच केस-पिसं जिग हेडवर (शिशाचं डोकं असलेला हुक) बांधलीत तर मस्त चालेल. कारण साधं आहे, फ्लाय रॉडमध्ये जाड लाइनचं वजन फ्लायला पुढे नेतं आणि स्पिनिंगमध्ये उलटं, आमिषाच्या वजनाने स्पूलवरून तंगूस ओढली जाते, मग अर्ध्या ग्रॅमची फ्लाय पायाशीच पडणार ना. मी खाडीसाठी स्वतःच बांधतो, तुमच्या रॉडला 10 ग्रॅमचं तयार जिग हेड घ्या (शिसं घरात वितळवायच्या भानगडीत पडू नका, धूर विषारी असतो) आणि

- बोकडाच्या शेपटीचे केस, खाटकाकडे फुकटात मिळतात, साबणाने धुवून कडक वाळवायचे
- कोंबड्याच्या मानेची दोन पिसं
- पॉलिएस्टर दोरा, सुपर ग्लू

आधी हेडमागच्या दांड्यावर दोऱ्याचा थर द्या नाहीतर केस गोल फिरतात, मग केसांची बारीक बारीक चिमटी बाजूबाजूने बांधत जायचं, एकदम जुडगा लावला की झाडू होतो, पाण्यात हलतच नाही. शेवटी चार-पाच गाठी आणि ग्लूचा थेंब. केस हुकच्या लांबीच्या दुप्पट पुरे. हुकचं टोक वर राहतं म्हणून तळाला कमी अडकतं, पण कांदळवनाच्या मुळांत तरीही जिग जाणारच, दोनचार जास्तीच्या बांधून ठेवा. आणि अगदी हलकी फ्लायच टाकायची असेल तर पाणी भरायचा पारदर्शक फ्लोट लावून त्याच्यामागे तीन-चार फुटांवर फ्लाय बांधा.