स्पॅनिशमधली विशेषणं नीट कशी वापरायची?

तुमची अडचण अशी की स्पॅनिश बोलताना विशेषणाचा शेवटही चुकतो आणि जागाही, आणि तक्ते पाठ करायचा कंटाळा आलाय. मी नवशिक्यांच्या शिकवण्या घेते. माझ्याकडे तक्त्याच्या आधी जगाचा नकाशा निघतो.

पुएर्तो रिको आणि कोस्टा रिका बघा. पुएर्तो म्हणजे बंदर, पुल्लिंगी. कोस्टा म्हणजे किनारा, स्त्रीलिंगी. 'श्रीमंत' हे एकच विशेषण, इकडे रिको, तिकडे रिका. आणि दोन्हीकडे ते नामानंतर आलंय. स्पॅनिशमध्ये बहुतेक विशेषणं अशी मागेच चालतात.

शेवट बदलण्याचं आपल्याला नवल नको. काळा घोडा, काळी म्हैस, काळं मांजर हे आपण विचार न करता म्हणतो. घोटाळा होतो तो मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवल्यामुळे, कारण तिथे विशेषणाचा शेवट बदलतच नाही. म्हणून जुळवायचंच तर मराठीतून जुळवा.

पण एका ठिकाणी मराठी कानही दगा देतो. लाल, सुंदर, थंड ही आपली विशेषणं लिंग बदलो वा वचन, तशीच राहतात. स्पॅनिशमध्ये ए-कारान्त आणि बरीचशी व्यंजनान्त विशेषणं लिंगाला दाद देत नाहीत, अनेकवचनाला मात्र देतात. मेक्सिकोत आग्वासकालिएन्तेस नावाचं शहर आहे. आग्वास म्हणजे पाणी, तेही अनेकवचनी. कालिएन्ते म्हणजे गरम, त्याला 'स' लागून कालिएन्तेस. हा शेवटचा 'स' माझे बहुतेक विद्यार्थी गिळतात. व्यंजनान्ताला 'एस' लागतो: आसुल (निळा), अनेकवचनी आसुलेस. देशांवरून आलेली विशेषणं मात्र व्यंजनान्त असूनही लिंग पाळतात: एस्पान्योल (स्पॅनिश), स्त्रीलिंगी एस्पान्योला.

नामाचं लिंग मराठीवरून ठरवू नका. आपला हात पुल्लिंगी, त्यांचा 'मानो' ओ-कारान्त असूनही स्त्रीलिंगी, म्हणून उजवा हात म्हणजे मानो देरेचा. आपलं दूध नपुंसकलिंगी, त्यांचं 'लेचे' स्त्रीलिंगी. नपुंसकलिंगी नाम त्या भाषेत नाहीच. मराठीत बाया-पुरुषांचा घोळका 'ती सगळी' होतो. स्पॅनिशमध्ये दहा बायकांत एक पुरुष येऊन उभा राहिला की विशेषण पुल्लिंगी. रागावून उपयोग नाही.

आता नामाआधी येणारी. ब्वेनोस आयरेस म्हणजे चांगले वारे. 'ब्वेनो' बरेचदा असं पुढे येतं, आणि पुल्लिंगी एकवचनी नामापुढे त्याचा 'ओ' गळतो: ब्वेन लिब्रो (चांगलं पुस्तक), पण ब्वेना आमिगा (चांगली मैत्रीण). 'ग्रांदे' (मोठा) दोन्ही लिंगांच्या एकवचनी नामापुढे आखडून 'ग्रान' होतं, जसं ग्रान कानारिया हे स्पेनचं बेट. जागेने अर्थही बदलतो: ग्रान ओम्ब्रे म्हणजे थोर माणूस, ओम्ब्रे ग्रांदे म्हणजे धिप्पाड. बिएहो आमिगो हा जुना मित्र, वयाने कितीही असो. आमिगो बिएहो हा म्हातारा मित्र. मराठीत त्यासाठी आपल्याकडे दोन वेगळी विशेषणं आहेत, तिथे जागेवर काम भागतं.

नाम पाठ करताना 'एल' (पुल्लिंगी) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) या नामाआधी लागणाऱ्या, इंग्रजी 'the'सारख्या शब्दासकट करा, म्हणजे विशेषणाचं निम्मं काम होतं. 'आग्वा' तेवढं फसवं आहे. स्त्रीलिंगी असूनही एकवचनात त्याला 'एल' लागतं, कारण सुरुवातीच्या, जोर देऊन उच्चारलेल्या 'आ'पुढे 'ला' टाळतात. विशेषण तरी स्त्रीलिंगीच, एल आग्वा फ्रिआ (थंड पाणी). 'हे पाणी' म्हणायचं तर एस्ता आग्वा. खुद्द स्पेनमध्ये मात्र सर्रास 'एस्ते आग्वा' ऐकू येतं, ते उचलू नका.