क्लायंटच्या सॉफ्टवेअरमध्ये विकतचं ग्रिड वापरलं, तर लायसन्स कोणी घ्यायचं?

तुमच्या टीमकडे टेलेरिकचं (तयार कंपोनंट, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये बसवायचे आयते भाग विकणारी कंपनी) लायसन्स आहे, त्यातलं ग्रिड (माहितीचा तक्ता दाखवणारं कंपोनंट) वापरून क्लायंटचं काम करताय आणि आता क्लायंटलाही लायसन्स घ्यावं लागेल का, असं विचारलंय.

क्लायंट तयार सॉफ्टवेअर नुसतं वापरणार असेल, तर नाही. टेलेरिक, डेव्हएक्सप्रेस अशा कंपन्यांचं लायसन्स डेव्हलपरमागे एक असं असतं. तयार सॉफ्टवेअर दहा जणांनी वापरलं काय नि दहा हजारांनी काय, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

सोर्स कोड देणार असाल तर मात्र नीट बघा. मी यात पोळलोय. एका क्लायंटला सगळा कोड सोपवला, बिलही चुकतं झालं. काही महिन्यांनी त्यांनी स्वतःचा डेव्हलपर ठेवला आणि त्याच्याकडे बिल्डच (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवणं) होईना, कारण कंपोनंटची पॅकेजेस आमच्या खात्यातून उतरत होती. "कोड आमचा आहे ना, मग लॉगिन द्या," असा फोन आला. त्यांचं चिडणं रास्त होतं, आम्ही आधी काही सांगितलंच नव्हतं. पण आमचं लॉगिन देणं म्हणजे करार मोडणं. शेवटी त्या डेव्हलपरचं लायसन्स आम्ही आमच्या खर्चाने घेऊन दिलं.

तेव्हापासून कोटेशनमध्येच लिहितो: कुठले कंपोनंट वापरणार, लायसन्स कोणाच्या नावावर, आणि पुढे त्यांचे लोक कोडला हात लावणार असतील तर त्यांना किती लागतील.

एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजेसचा सार्वजनिक साठा) उतरवता येतं म्हणून फुकट समजू नका. एजी ग्रिडची कम्युनिटी आवृत्ती एमआयटी लायसन्सखाली मोफत आहे, पण रो ग्रुपिंग, पिव्होट, एक्सेल एक्स्पोर्ट हे सगळं एंटरप्राइज या विकतच्या आवृत्तीत येतं. लायसन्स-की न टाकता तेही चालतं, फक्त स्क्रीनवर वॉटरमार्क दिसतो. शिवाय तिथे डेव्हलपर लायसन्सखेरीज डिप्लॉयमेंट लायसन्सही (तयार सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरात आणण्यासाठीचं) लागू शकतं, म्हणजे वरचा 'डेव्हलपरमागे एक' हा हिशेब सगळीकडे धरून चालू नका. हायचार्ट्स या आलेख काढायच्या कंपोनंटलाही व्यावसायिक कामासाठी पैसे मोजावे लागतात.

आणि त्या ग्रिडवर स्वतःचं आवरण चढवून ते इतर डेव्हलपरांना कंपोनंट म्हणून द्यायचा बेत असेल, तर थांबा. बहुतेक करारांत नेमकी याचीच मनाई असते.

कोटेशन अजून गेलं नसेल, तर हा कोड पुढे कोण सांभाळणार, एवढं क्लायंटला आजच विचारून घ्या.