युनियन काढायची, पण किती जणांनी?

प्रश्न: जळगाव एमआयडीसीतल्या डाळमिलमध्ये आम्ही 64 कामगार आहोत. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळत नाही. युनियन काढायला किती सभासद लागतात? आणि मालकाने कामावरून काढलं तर?

उत्तर: तुमच्यासाठी किमान सात. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत 10 टक्के किंवा 100 कामगार, यांतला कमी आकडा धरतात. मात्र तो सातच्या खाली चालत नाही. नोंदणीनंतरही ही संख्या टिकवावी लागते. त्यामुळे सातच जणांवर भिस्त ठेवू नका, एकाने कच खाल्ली की नोंदणीच धोक्यात. पंधरा-वीस जण जमवूनच अर्ज करा.

आधी सभा, ठराव आणि घटना. घटनेत युनियनचं नाव, उद्देश, वर्गणी, निधी कशावर खर्चायचा, पदाधिकारी कसे निवडायचे व काढायचे, हिशेब तपासणी आणि विसर्जन हे सगळं लेखी हवं. दुसऱ्या युनियनची घटना जशीच्या तशी उतरवू नका. त्यांचा पत्ता आणि वर्गणीही तुमच्या कागदात येते आणि अर्ज परत येतो. बाहेरचे पुढारी घ्या, पण एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांत कमी असतील तेवढेच. वर्गणीची पावती पहिल्या दिवसापासून फाडा. सभासद किती, हा वाद उद्या झालाच तर पावतीबुकच कामी येतं.

नोंदणी झाली की युनियनला स्वतःच्या नावाने मालमत्ता घेता येते, दावा लावता येतो. ओव्हरटाइमची मागणी मग एकट्यादुकट्याची राहत नाही.

युनियनमध्ये गेला म्हणून काढणं ही अनुचित कामगार प्रथा, म्हणजे कायद्याने मनाई असलेली वागणूक आहे. पण कारण तेच होतं, हे दाखवावं लागतं. पगारपत्रक, पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा क्रमांक), ईएसआय कार्ड यांच्या प्रती घरी ठेवा. ठेकेदाराच्या मस्टरवर नाव असेल तर हे आणखी गरजेचं. मिलवाले सरळ ‘हा आमचा माणूसच नाही’ म्हणतात.

प्रश्न: लगेच संप केला तर?

उत्तर: नको. 14 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती 60 दिवसच चालते. समेटाची कार्यवाही (सरकारी अधिकाऱ्यासमोर तडजोडीची बोलणी) सुरू असताना व ती संपल्यावर सात दिवस संप बेकायदा ठरतो. बेकायदा संपात दंड आणि कैदही आहे. आधी मागणीपत्र द्या, पोच घ्या.

प्रश्न: शेतमजुरांची युनियन होते का?

उत्तर: होते. शहाद्यात 1972 साली आदिवासी शेतमजुरांनी श्रमिक संघटना उभी केलीच होती.